कायद्याचं शेवटचं वर्ष: माड, घोडा आणि वाघाच्या प्रश्नांवरून अभ्यास कसा करावा

अंतर्गत परीक्षेत मला आलेला प्रश्न असा होता:

'य' यांच्या अंगणातला माड कुंपणावरून रस्त्याकडे झुकलेला आहे. पाच महिने पाडेली (नारळ पाडणारा) आलेला नाही. 'क' आपली स्कूटर माडाखाली लावून पोदेराकडून पाव घ्यायला उतरतो. वाऱ्याची झुळूक येते, नारळ पडतो आणि स्कूटरची टाकी चेपते. 'य' म्हणतात, "वारा काय मी सोडला?" 'य' यांची जबाबदारी ठरवा.

पेपर सुटल्यावर व्हरांड्यात आम्ही पोट धरून हसलो. मी उत्तरात दैवी आपत्तीची व्याख्या दीड पान भरून लिहिली होती. १५ पैकी ४ गुण मिळाले आणि खाली सरांची लाल शाईतली एकच ओळ होती: "पाच महिने पाडेली आला नाही, हे वाक्य तुम्ही वाचलंत का?"

वाचलं होतं. गंमत म्हणून वाचलं आणि पुढे गेले. सगळं उत्तर त्याच वाक्यात होतं. तिथून मी अभ्यास बदलला. डिचोलीहून रोज बसने येजा करत, नोकरी सांभाळून तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केला. पेडणे, सत्तरी, डिचोलीकडची जी मुलं मराठी शाळेतून येऊन शेवटच्या वर्षाला पोचली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मिरामारला शिकत असा की मडगावला, पद्धत हीच चालेल.

१. आधी सामान जमवा

अभ्यासाला बसण्यापूर्वी एवढं टेबलावर हवं:

- प्रत्येक विषयाचा बेअर ॲक्ट, म्हणजे भाष्य नसलेला कायद्याचा मूळ मजकूर, नव्या आवृत्तीचा. कलमांखालची उदाहरणं त्यात छापलेली हवीत. काही स्वस्त आवृत्त्यांत ती गाळलेली असतात. त्या घेऊ नका.
- तुमच्या सत्राचा अभ्यासक्रम, विद्यापीठाने दिलेला. वरच्या वर्गातल्या मुलाच्या वहीतला नव्हे.
- गेल्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. कॉलेजच्या ग्रंथालयात मागितल्या की मिळतात.
- दोन रंगांची पेनं आणि पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचे तुकडे.
- हॉल तिकीट, ओळखपत्र आणि उपस्थितीची नोंद. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती लागते. कार्यालयात जाऊन आकडा स्वतः बघून या. शेवटच्या आठवड्यात कळलं तर हातात काही उरत नाही.

घरी बसून जमत नसेल तर पाटोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ सालापासूनची ही संस्था. बसस्टँडवरून चालत जाता येतं आणि आत शांतता असते. एप्रिल-मेच्या उकाड्यात माझा निम्मा अभ्यास तिथेच झाला.

२. फाईल आधी, पुस्तक नंतर

बहुतेकजण इथे फसतात. शेवटच्या वर्षात प्रात्यक्षिकाचे पेपर असतात आणि त्यांचे गुण लिखाणाच्या दिवशी नव्हे, वर्षभरात मिळत जातात. मसुदा लेखनाच्या पेपरात दाव्यांचे वगैरे १५ मसुदे ४५ गुणांना, खरेदीखत-भाडेपत्रासारखे १५ दस्तऐवज ४५ गुणांना आणि तोंडी परीक्षा १० गुणांना. अभिरूप न्यायालयाच्या (मूट कोर्टच्या) पेपरात ३० गुण युक्तिवादाला, ३० गुण एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष बघून केलेल्या नोंदीला, ३० गुण अशिलाच्या मुलाखती, कागदपत्रांची तयारी आणि इंटर्नशिपच्या डायरीला, आणि १० तोंडीला.

खटल्याची नोंद कोर्टात बसूनच करा. मैत्रिणीची डायरी उतरवली तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला पकडले जाता. मी म्हापशाच्या कोर्टात मागच्या बाकावर बसून एका साक्षीदाराची उलटतपासणी ऐकली. तो साक्षीदार सारखा "माझ्या भावाने मला सांगितलं" म्हणत होता आणि दर खेपेला समोरचे वकील उठून उभे राहत होते. ऐकीव पुरावा म्हणजे काय, हे मला त्या अर्ध्या तासात समजलं ते आजपर्यंत विसरले नाही.

इंटर्नशिपचे आठवडेही मोजून ठेवा: तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२, पाच वर्षांच्याला २०.

३. जुनी कलमं आणि नवी कलमं

१ जुलै २०२४ पासून दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. वरच्या वर्गातून उतरत आलेल्या नोट्स मात्र अजून १८६० च्या दंड संहितेच्या असतात. त्या फेकू नका, तत्त्वं तीच आहेत. पण आकडे तपासल्याशिवाय एकही कलम लिहू नका.

धोका किती आहे ते बघा. खून म्हटला की आपल्या तोंडात ३०२ येतं. नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्यासाठी शब्द उच्चारणं. जुन्यात ३७८ असलेली चोरी आता ३०३. फसवणुकीचं ४२० आता ३१८ चं पोटकलम ४. नव्या संहितेत एकूण कलमंच ३५८ आहेत, तेव्हा ४२० लिहिलंत तर ते अस्तित्वातच नसलेलं कलम झालं. अटकपूर्व जामीन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३८ वरून नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ वर गेला. आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार होते, ते आता ५२८. हा शेवटचा गोंधळ वकिलांचाही होतो.

कार्डाच्या एका बाजूला जुना आकडा, दुसऱ्या बाजूला नवा. माझी चाळीस कार्डं होती, डिचोली ते पणजी बसमध्ये रोज एकदा फिरायची. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनाच दंड कायदा लागतो, म्हणून प्रश्नातली तारीख आधी बघा.

४. कलमाखालची उदाहरणं चवीने वाचा

परीक्षेतले विचित्र प्रश्न आकाशातून पडत नाहीत. त्यांची बीजं कायद्यातच छापलेली आहेत, आणि विद्यार्थी नेमकं तेच सोडून कलमाची भाषा पाठ करत बसतो.

१८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ घ्या. फसवणुकीचं कलम. 'क' लिलावात 'ख'ला घोडा विकतो. घोडा दुखणाईत आहे हे 'क'ला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण: हीच 'ख' ही 'क'ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. आता बापाला बोलणं भाग आहे. त्याच्या पुढचं: 'ख' म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं धरीन." 'क' गप्प. आता हे गप्प राहणंच बोलणं झालं.

घोडा तोच, मौन तेच. दर वेळी एक तथ्य बदललं आणि उत्तर फिरलं. परीक्षक प्रश्न असाच रचतो. ही तीन उदाहरणं नीट उमगली की प्रश्नपत्रिका वाचायची नजर येते.

याच कायद्यात 'क' हा 'ख'शी जादूने गुप्तधन शोधून देण्याचा करार करतो (कलम ५६), आणि दुसरीकडे दोन सरळ रेषांनी जागा बंदिस्त झाली तर हजार रुपये द्यायचं कबूल करतो (कलम ३६). दोन्ही करार शून्य. पण पर्यायी प्रश्नात कलम विचारतात आणि मुलं गोंधळतात. फरक असा: जादूच्या करारात जे काम करायचं तेच अशक्य आहे. रेषांच्या करारात काम पैसे देण्याचं, ते शक्य आहे, पण ते ज्या घटनेवर टांगलंय ती घटना अशक्य आहे.

चोरीच्या कलमाखाली एकजण खिशात आमिष ठेवून 'य'चा कुत्रा आपल्यामागे यायला लावतो. कुत्रा मागे चालू लागला त्या क्षणी चोरी पूर्ण. दुसऱ्याला खजिन्याची पेटी वाहणारा बैल भेटतो, तो बैलाला हाकतो. बैल हलला की खजिन्याची चोरी झाली. पेटीला हात लावायची गरज नाही. चोरीत वस्तू हलवणं किती महत्त्वाचं हे यापेक्षा सोपं कुठल्या मार्गदर्शकात सापडणार?

आणि वाघ. 'य'ला वाघ ओढून नेतो आहे. 'क' वाघावर गोळी झाडतो. ती 'य'ला लागू शकते हे त्याला माहीत आहे, पण त्याला 'य'ला वाचवायचं आहे. गोळी 'य'ला लागते. 'क'चा गुन्हा नाही: न्याय संहितेचं कलम ३०, जुनं ९२. मी या उदाहरणाचं चित्र वहीत काढलं होतं. सद्हेतू, दुसऱ्याचं हित, संमती घ्यायला वेळ नसणं, तीनही घटक त्या चित्रात होते.

५. गोष्टीचा प्रश्न कसा फोडायचा

आता माडाकडे परत या. चार पायऱ्या: मुद्दा कोणता, नियम कोणता, तो या तथ्यांना कसा लागतो, निष्कर्ष काय. या पायऱ्या सगळेच शिकवतात. तिसरीवर मुलं जेमतेम दोन ओळी लिहितात, आणि गुण तिथेच असतात.

माझी युक्ती खोडण्याची आहे. प्रश्नातलं एकेक तथ्य पेन्सिलीने खोडा आणि विचारा, उत्तर बदललं का? 'पाव घ्यायला उतरतो' खोडा. काही बदलत नाही, ती सजावट आहे. 'रस्त्याकडे झुकलेला' खोडा. माड अंगणात सरळ असता तर जाणाऱ्या-येणाऱ्याला धोका नव्हता, म्हणजे बदलतं. 'पाच महिने पाडेली नाही' खोडा. गोव्यात साधारण तीन महिन्यांनी नारळ पाडतात. पाच महिने पिकलेले नारळ रस्त्यावर लटकत ठेवणं म्हणजे काळजी न घेणं. 'झुळूक' खोडून तिथे वादळ घाला. १६ मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळासारखा दिवस असेल तर दैवी आपत्तीचा बचाव निदान उभा तरी राहतो. झुळकेला तो मिळत नाही. रोजच्या वाऱ्याने पडेल हे कुणालाही आधी कळू शकतं.

मग उत्तर आपोआप उभं राहतं. रस्त्यावरून जाणाऱ्यांबद्दल 'य'चं काळजी घेण्याचं कर्तव्य, त्यात कसूर, त्यामुळे नुकसान. बचाव: दैवी आपत्ती, टिकणार नाही. 'क'ने लटकत्या नारळांखाली गाडी लावली म्हणून सहभागी हयगयीचा मुद्दा एका परिच्छेदात. शेवटी स्पष्ट निष्कर्ष. "परिस्थितीवर अवलंबून आहे" असं लिहून पळू नका. परिस्थिती प्रश्नात दिलेली आहे.

६. प्रश्नात 'गोवा' हा शब्द दिसला की थांबा

आपल्या मुलांचा हा खास सापळा. देशभरातली मार्गदर्शकं हिंदू विवाह कायदा आणि हिंदू उत्तराधिकार कायदा शिकवतात. गोव्यात हे दोन्ही कधी लागूच झाले नाहीत. इथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता, आणि वारसा व इन्व्हेंटरीसाठी (मालमत्तेची यादी करून वाटणी) २०१२ चा गोव्याचा स्वतंत्र कायदा, जो डिसेंबर २०१६ पासून अमलात आहे. गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर असली तरी वारसा पोर्तुगीज संहितेप्रमाणेच, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जुझे पावलू कुतिन्यू खटल्यात सांगितलं.

एक हिशेब हाताने करून बघा. पेडण्यातला बाप, बायको, तीन मुलं. लग्नाआधी वेगळा करार नाही, म्हणजे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. एकूण किंमत ६० लाख. बाप मृत्युपत्रात लिहितो: सगळं धाकट्याला.

सामाईक म्हणून अर्धे ३० लाख बायकोचे आधीपासूनच. त्यांना बाप हात लावू शकत नाही. त्याचे उरले ३० लाख. त्यातले अर्धे, १५ लाख, मुलांचा राखीव हिस्सा, म्हणजे प्रत्येकी ५. मृत्युपत्राने द्यायला मोकळे फक्त १५ लाख. धाकट्याला १५ आणि ५ मिळून २० लाख, थोरल्या दोघांना ५-५. "सगळं धाकट्याला" हे वाक्य इथे चालतच नाही. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही, पण आपल्या घरात हे रोजचं आहे.

तसंच विक्रीखतावर फक्त नवऱ्याची सही असेल तर लगेच पेन उचला. बायकोची सही कुठे आहे? आणि घर मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं), जमीन भाटकाराची (जमीनदाराची) असेल तर १९७५ चा मुंडकार कायदा आठवा.

७. स्वतः प्रश्न रचा, पण दोघांनी

एकट्याने रचलेल्या प्रश्नाचं उत्तर आधीच माहीत असतं, त्यात कस लागत नाही. मी आणि माझी मैत्रीण दर शुक्रवारी प्रत्येकी दोन प्रश्न आणायचो. नियम दोन. गोष्ट आपल्या गावातली हवी. आणि उत्तर ऐकल्यावर समोरच्याने एक तथ्य बदलून पुन्हा विचारायचं. तिने एकदा धीरयोवर (बैलांच्या झुंजीवर) लावलेल्या पैजेचा प्रश्न आणला: हरलेला पैसे देत नाही, जिंकणारा कोर्टात जाऊ शकतो का? मी करार कायद्याचं कलम ३० सांगून मोकळी झाले, पैजेचा करार शून्य. ती म्हणाली, "बरं, आता पैसे मित्राकडून उसने घेऊन लावले. मित्र परत मागतोय." त्या एका बदलावर आम्ही बस चुकवली. पूरक करार, बेकायदा हेतू, कलम २३, सगळं निघालं, कारण धीरयोवर बंदीच आहे. एका संध्याकाळी तीन कलमं पक्की झाली.

८. मराठीत विचार, इंग्रजीत उत्तर

पेपर इंग्रजीतून लिहायचा असतो याची मराठी शाळेतून आलेल्यांना धास्ती असते. मलाही होती. तथ्यं मराठीतच डोक्यात मांडा, आईला सांगतो तशी. मग छोटी वाक्यं लिहा. कायद्याच्या शब्दांना मात्र पर्याय शोधू नका. कलमातला शब्द जसाच्या तसा यायला हवा. रोज एक उत्तर घड्याळ लावून हाताने लिहा. वाचून इंग्रजी सुधारत नाही, लिहून सुधारतं.

९. त्यानंतर: सनद आणि बार परीक्षा

सनदेसाठी (वकिलीच्या परवान्यासाठी) अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे. गुणपत्रिका, पदवीचं किंवा उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सगळ्याच्या साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवा. नोंदणी शुल्क ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५. यापेक्षा जास्त घेता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला ठरवलं आहे. मुद्रांक शुल्क असल्यास वेगळं.

अखिल भारतीय बार परीक्षा १०० पर्यायी प्रश्नांची, साडेतीन तासांची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. उत्तीर्ण व्हायला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४०. बेअर ॲक्ट आत नेता येतो, पण त्यात टीपा किंवा भाष्य नको. पेन्सिलीने लिहिलेल्या खुणाही आदल्या रात्री खोडून टाका. परीक्षा मराठीतूनही देता येते. राज्यघटना, दिवाणी प्रक्रिया आणि फौजदारी प्रक्रिया यांना प्रत्येकी १० प्रश्न, म्हणून सुरुवात तिथून. कुटुंब कायद्याचे ८ प्रश्न आहेत आणि तिथे हिंदू विवाह कायदा विचारतात. सहाव्या पायरीतला गोव्याचा नियम तिथे लावू नका.

१०. सरावाला चार प्रश्न

एक. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात 'ख' रीतसर पैसे मोजून कोंबडा घेतो. तो 'य'च्या घरून चोरलेला निघतो. कोंबडा कुणाचा? (मालविक्री कायदा १९३०, कलम २७ पासून सुरू करा.)

दोन. कदंब बसच्या गर्दीत 'क' 'य'च्या खिशात हात घालतो. खिसा रिकामा. गुन्हा झाला का? (न्याय संहिता, कलम ६२ खालची उदाहरणं वाचा.)

तीन. हरवलेला कुत्रा आणून देणाऱ्याला दोन हजारांचं बक्षीस जाहीर होतं. 'क'ला जाहिरात माहीत नाही, कुत्रा ओळखीचा म्हणून तो पोचवतो. नंतर जाहिरात दिसते. (लालमन शुक्ला खटला, १९१३, वाचा.)

चार. 'य'च्या कुंपणाबाहेर रस्त्यावर मानकुरादची फांदी लोंबते आहे. पहिला मुलगा रस्त्यावर पडलेला आंबा उचलतो. दुसरा फांदी हलवून पाडतो. तिसऱ्याने नुसतं "हलव रे" म्हटलं. तिघांचं उत्तर वेगवेगळं लिहा, आणि मग आंब्याच्या जागी 'य'ची अंगठी ठेवून बघा.